बॉनेटमधून बाहेर येताना

जुन्या गाड्यांवर काम करून मुरलेला मेस्त्री ओळखायचा असेल, तर त्याचे हात पाहू नयेत. हात सगळ्यांचेच काळे. टाळू पाहावी. तिथे एखादी केस न उगवलेली रेघ सापडली, की समजावं, हा गडी अँबॅसिडरच्या बॉनेटखाली बराच वाकलेला आहे.

अफझलपूर तालुक्यातलं करजगी म्हणजे कलबुर्गी जिल्ह्याची महाराष्ट्राकडची कड. अक्कलकोट जवळ, दत्ताचं गाणगापूर त्याच तालुक्यात. या पट्ट्यात गाडीचं दुखणं कानडीत सांगितलं जातं, भाव मराठीत होतो आणि शिव्या दोन्हींत. पूर्वी यात्रेकरूंच्या गाड्या म्हणजे अँबॅसिडर आणि जीप. अँबॅसिडर उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014 पर्यंत बनत होती. त्यामुळे ‘जुनी गाडी’ हा इथे संग्रहालयातला विषय नाही. ती अजूनही कुणाच्या तरी दारात उभी असते.

डोकं आत वाकताना सहसा आपटत नाही. वाकताना माणूस बघून वाकतो. आपटतं ते बाहेर येताना. मॅनिफोल्डचा गंजलेला नट घ्या. डिझेल ओतून झालं, हातोडीने ठोकून झालं, पाना लावून मेस्त्री दात-ओठ खात ओढतोय. नट हटत नाही, हटत नाही आणि एकदम ‘कट’ करून सुटतो. अंगातला सगळा जोर मागे जातो, डोकं वर उसळतं. नेमकी तिथेच बॉनेटच्या पुढच्या कडेला लॉकची आकडी टांगलेली असते. दुसरं कारण म्हणजे हाक. “मेस्त्री, चहा आलाय!” हे ऐकून मान वर न करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिसरं सगळ्यात वाईट: स्टेअरिंगवर बसलेलं मालकाचं पोर हॉर्न दाबतं. भोंगा कानाजवळच असतो.

आता सगळा दोष मेस्त्रीच्या मानेला देऊन चालणार नाही. बिजागऱ्या कुठे बसवल्या, यावर बरंच ठरतं. हैदराबादच्या सहाव्या निजामाने मागवलेली 1912 ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट प्रसिद्ध आहे. कलबुर्गी, म्हणजे तेव्हाचा गुलबर्गा जिल्हाही 1948 पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या अशा गाड्यांचं बॉनेट मध्यावर बिजागरी असलेलं, दोन्ही बाजूंनी उचलायचं. मेस्त्री बाजूला उभा राहतो, डोक्यावर मोकळं आकाश. मद्रासला 1961 पासून बनू लागलेल्या स्टँडर्ड हेराल्डचं तर मडगार्डसकट अख्खं नाक पुढे कलंडतं. चाकावर बसून इंजिन उघडावं, इतकी ऐसपैस जागा मिळते. जीपचं बॉनेट पूर्ण मागे, काचेच्या चौकटीवर टेकतं. ते तिथे अडकवलं नाही आणि वारा सुटला, तर मात्र पत्र्याची कड मानेवर येते. अँबॅसिडरच्या बिजागऱ्या काचेकडे, तोंड पुढे. बाहेर येणाऱ्या डोक्याच्या वाटेत बॉनेटची कड आणि आकडी हमखास येते. गाडी दणकट खरी, पण मेस्त्रीचा विचार हेराल्डवाल्यांनी जास्त केला होता, हे मान्य करायला हवं.

उपाय फार खर्चाचे नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आकडीवर चढवायचा आणि त्याला लाल चिंधी बांधायची. बॉनेट पाडण्याआधी दोन्ही काढायचं. टोपी घालायची तर उलटी, कारण पुढच्या झापेने वरची कड दिसतच नाही. बांधकामावरचं हेल्मेट इथे उपयोगाचं नाही. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं, शिवाय डोक्याची उंची वाढवून जास्तच आपटतं. स्थिर वस्तूवर डोकं आपटण्यापासून बचावासाठी वेगळी, हलकी ‘बंप कॅप’ मिळते; युरोपात तिच्यासाठी ईएन 812 हे स्वतंत्र मानक आहे. पण टोपीआधी बॉनेट तोलून धरणारा दांडा तपासावा. ढिल्या खोबणीतला दांडा निसटला, तर टोपी काय करणार? आणि हो, काम सुरू करताना हॉर्नची वायर काढून ठेवावी. पोरं ऐकत नाहीत.

डोक्याला रुमाल गुंडाळणं चांगलंच, पण त्याचा शेव लोंबता ठेवू नये. पट्ट्यावर फिरणारा पत्र्याचा पंखा रुमाल ओढतो आणि रुमालाबरोबर डोकंही. रेडिएटरचं झाकण हा वेगळाच विषय. उन्हाळ्यात इथे पारा 40 अंशांपार असतो, तेव्हा गरम इंजिनचं झाकण उघडून चेहरा भाजून घेणारे असतातच.

खोक पडलीच, तर रक्त पाहून घाबरू नये. टाळूच्या रक्तवाहिन्या घट्ट ऊतींत अडकलेल्या असतात, कापल्या की पटकन आकसत नाहीत. म्हणून जखम लहान आणि धार मोठी. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. गॅरेजात मात्र हाताला येईल ते भरतात: चहापत्ती, हळद, एखादा बहाद्दर पेट्रोलसुद्धा. गंजक्या पत्र्याची जखम असल्याने धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे आठवावं. आठवत नसेल तर डॉक्टरकडे जावं. नंतर उलटी झाली, झोप अनावर झाली किंवा बोलणं अडखळू लागलं, तर गाडी अर्धवट खुली टाकून थेट दवाखाना गाठावा. गिऱ्हाईक गाणगापूरची आरती चुकली म्हणून कुरकुरेल, तेवढं सोसावं.