पॅसेजमधला दिवा



गेल्या चातुर्मासात आमच्या गावच्या मंदिरात दुपारचा स्वाध्याय होता. विषय निघाला अनर्थदंडाचा. त्याच्या पाच प्रकारांतला एक म्हणजे प्रमादचर्या : कारण नसताना माती खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे, पाने तोडणे. ऐकता ऐकता मला आमचे घर दिसू लागले. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणजे विनाकारण वायुकायाची हिंसा. चालू राहिलेला गिझर म्हणजे अग्निकाय आणि जलकाय, दोन्हींची. त्यातच त्या महिन्याचे विजेचे बिलही आले होते!

मी घरी आले ती कंबर कसूनच.

पहिला नंबर गिझरचा. आमचा २००० वॅटचा आहे, म्हणजे अर्धा तास तापला की एक युनिट. पूर्वी सकाळी सहाला चालू केलेला शेवटची आंघोळ होईपर्यंत तसाच असायचा. आता १५ मिनिटे तापवायचा, बंद करायचा आणि सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या. हॉलमधला जुना ७५ वॅटचा पंखा बदलून ३० वॅटचा बसवला. डाळ आदल्या रात्री भिजू लागली, त्यामुळे कुकर लवकर उतरतो. पिण्याचे पाणी झाकण ठेवून उकळायचे, आणि तेही लागेल तेवढेच. मर्यादा संपली म्हणून ओतून द्यायची वेळ येऊ नये. दुपारी पडदे ओढायचे, संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. रात्रिभोजन नसल्यामुळे स्वयंपाकघर तर सूर्यास्तालाच मिटते. तिथे दिवा नाही, की दिव्यावर झेपावून मरणारे किडे नाहीत.

बिल उतरले. मला फार अभिमान वाटला. खोटे कशाला बोलू, थोडा गर्वच झाला. मी सगळ्यांच्या मागे बटणे बंद करत फिरू लागले. मुलगा म्हणायचा, "आई, मी अजून खोलीतच आहे!"

त्याच भरात एके रात्री पॅसेजमधला दिवाही बंद केला. सगळे झोपले आहेत, मग रात्रभर कुणासाठी जाळायचा?

पहाटे तीनच्या सुमारास धप्प आवाज आला. सासूबाई बाथरूमला उठल्या होत्या आणि अंधारात त्यांचा उंबरठ्याला पाय अडखळला होता. मनगट मोडले. वय ७६. सहा आठवडे प्लास्टर.

त्या मला एका शब्दानेही टाकून बोलल्या नाहीत. मी त्यांना भरवत असताना एवढेच म्हणाल्या, "अगं, आपण चार हात जमीन बघून चालावं म्हणतो. अंधारात काय बघू? पायाखाली एखादा जीव आला असता तरी मला कळलं नसतं."

घास माझ्या हातातच राहिला. मी प्रमाद टाळायला निघाले होते. पण प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आणि सगळ्यात बेसावध मीच होते. विनाकारण दिवा जाळणे हा अनर्थदंड, पण तो दिवा विनाकारण नव्हताच. त्याला कारण होते, फक्त ते मी विचारले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी पॅसेजमध्ये अर्ध्या वॅटचा छोटा दिवा लावला. हिशेब करून पाहिला : रोज दहा तास जळला तरी एक युनिट व्हायला २०० रात्री लागतात. म्हणजे आमच्या गिझरची तीस मिनिटे! सासूबाईंचे मनगट मी एवढ्यासाठी मोडू दिले होते.

क्षमावाणीला त्यांच्या पाया पडले तेव्हा दरवर्षीचे शब्द तोंडातून निघेनात. त्यांनी डाव्या हाताने डोक्यावर थोपटले आणि म्हणाल्या, "पंखा मात्र बंद करत जा हं. ते बरोबर होतं तुझं."

घरात ते सगळे नियम आजही आहेत. फक्त बटण दाबण्याआधी मी वळून बघते, तिथे कुणी आहे का, कुणाला लागणार आहे का. तुमच्याकडे वयस्कर माणसे असतील, तर आज रात्री सगळे दिवे मालवून त्यांच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत एकदा स्वतः चालून बघा. मग कुठला दिवा ठेवायचा ते ठरवा.