संशयाचा स्वर : व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’चे एक चित्रीकरण

गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले ते गद्यात. ‘मृच्छकटिक’ आणि ‘शारदा’ या नाटकांना पदांचे वैभव देणाऱ्या नाटककाराने या नाटकाला मात्र पदांपासून दूर ठेवले. उलट त्यांचे ‘फाल्गुनराव’ हे संशयी नवऱ्याचे गद्य नाटक १९१६ मध्ये पदे लेवून ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. आपल्या रंगभूमीवर, निदान देवलांपुरते तरी, संशय गाऊ लागला तो सुखात्मिकेत. शोकात्मिकेत तो बोलतच राहिला. एम. ए.च्या वर्गात रूपांतरे शिकवताना मला नेहमी वाटत आले की, हा केवळ नाटकमंडळ्यांच्या सोयीचा प्रश्न नसावा. पत्नीचा गळा दाबायला निघालेला मनुष्य गाईल कसा? या शंकेपोटीच मी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये १९९२ साली झालेल्या ‘ओतेल्लो’च्या प्रयोगाचे चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

व्हेर्दीचा हा ऑपेरा ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलानच्या ‘ला स्काला’ नाट्यगृहात प्रथम सादर झाला. व्हेर्दी तेव्हा ७३ वर्षांचा होता. ‘आयदा’नंतर पंधरा वर्षे त्याने नवा ऑपेरा दिला नव्हता. (त्या रात्रीच्या वाद्यवृंदात चेलो वाजवणारा एक तरुण पुढे संगीत-संचालक तोस्कानिनी म्हणून जगाला ठाऊक झाला.) संहिता आर्रिगो बोइतो या कवीची. त्याने शेक्सपियरचा व्हेनिसमधील पहिला अंक सरळ काढून टाकला आणि सायप्रसच्या किनाऱ्यावरील वादळापासून आरंभ केला. ऑथेल्लोच्या पराक्रमाच्या कथा ऐकून देस्देमोना त्याच्यावर कशी भुलली, हा मजकूर राजसभेतून उचलून दोघांच्या रात्रीच्या युगुलगीतात ठेवला. त्यामुळे कथेला वेग आला. परंतु जिने बापाला फसवले ती तुलाही फसवील, हा पित्याचा विषारी इशारा गेला आणि संशयाचे एक मूळ तुटले. यागोला मात्र बोइतोने दुष्टाव्याची एक स्वतंत्र ‘श्रद्धा’ गायला दिली. ती मूळ नाटकात नाही, आणि मला ती अजूनही जरा भडक वाटते. न सांगितलेला हेतू हेच त्या पात्राचे बळ होते.

उपरोक्त प्रयोगाचे दिग्दर्शन एलायजा मोशिन्स्कीचे आणि संगीत-संचालन जॉर्ज शोल्टीचे. प्लासिदो दोमिंगो ओतेल्लो, किरी ते कानावा देस्देमोना आणि सर्गेई लायफरकुस यागो आहेत. दोमिंगोच्या चेहऱ्यावरचा काळा रंग आज खटकतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने या भूमिकेसाठी ती रीत २०१५ मध्ये सोडली. बाल्कनीत बसलेल्या रसिकाला न दिसणारा रंग कॅमेरा निष्ठुरपणे दाखवतो. तोच कॅमेरा श्वासही दाखवतो, आणि माझ्या शंकेचे उत्तर मला तिथे सापडू लागले.

तिसऱ्या अंकात पत्नीचा अपमान करून ती गेल्यावर ओतेल्लो एकटा उरतो. संगीत नाटकाच्या संस्कारातून आलेल्या श्रोत्याची अपेक्षा अशी की, आता एक दीर्घ, करुण, तानांनी भरलेले पद येणार. व्हेर्दी येथे जवळजवळ गाणेच काढून घेतो. कंठ एकाच स्वरावर अडकून राहतो, पुटपुटल्यासारखा; हालचाल असते ती वाद्यवृंदात. वन्समोअर मागण्याजोगे तेथे काहीच नाही. संशय असह्य होतो तिथे ऑपेराही गद्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो. देवलांचा निर्णय आणि व्हेर्दीचा निर्णय इतके दूरचे नसावेत.

चौथ्या अंकात याहून सूक्ष्म पेच आहे. देस्देमोनाचे विलो वृक्षाचे गीत शेक्सपियरच्या नाटकातही गीतच आहे: आईच्या दासीकडून ऐकलेले, जुने. ज्या जगात प्रत्येक जण सतत गातच असतो, तिथे एखादे पात्र ‘गाणे म्हणत आहे’ हे कळावे कसे? व्हेर्दी धृपदाचा शब्द वाद्यांच्या साथीवाचून, पुनःपुन्हा, निराधार सोडतो. मध्येच गीत तोडून तिला एमिलियाशी बोलायला लावतो. मग शुभरात्रीचा साधा निरोप, आणि एमिलिया वळताच अकस्मात फुटलेली निरोपाची आर्त हाक. त्यानंतर प्रार्थना. ती व्हायोलिनांच्या अतिउंच स्वरांत विरते न विरते तोच डबल बास वाद्यांचा खर्ज सुरू होतो: ओतेल्लो शयनगृहात आला आहे. तो झोपलेल्या पत्नीजवळ जातो तेव्हा पहिल्या अंकातील चुंबनाची सुरावट वाद्यवृंद आठवतो. हे स्मरण पात्राचे की वाद्यवृंदाचे, हे ठरवता येत नाही. गद्य नाटकाला ही सोय नाही, असे मला वाटते. तेथे आठवण कोणालातरी बोलून दाखवावी लागते.

फ्रांको झेफिरेल्लीने १९८६ मध्ये याच दोमिंगोला घेऊन ‘ओतेल्लो’चा चित्रपट केला आणि त्यातून हे विलो-गीत गाळले. प्रत्यक्ष स्थळे, समुद्र, तटबंदी यांची त्यात रेलचेल आहे. पण मरणापूर्वीचा तो रेंगाळलेला काळच नाही. नुसत्या रंगमंचाचे चित्रीकरण मला अधिक जवळचे वाटते ते यामुळे. त्यात कथेला घाई नाही.

तथापि एक हिशेब व्हेर्दी-बोइतोच्या नावावरही मांडावा लागतो. शेक्सपियरच्या त्याच शयनगृहात, गीतानंतर, एमिलिया नवऱ्यांविषयी परखड बोलते: बायकांनाही डोळे, चव, वासना असतात; त्या चुकत असतील तर नवऱ्यांकडूनच शिकतात. हा युक्तिवाद ऑपेरात नाही. त्याची जागा प्रार्थनेने घेतली आहे. देस्देमोना त्यामुळे संतपदाकडे सरकते, आणि नाटकातला एकमेव प्रतिवाद बंद होतो. चित्रीकरण पाहून झाल्यावर वर्गातील एका विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले: एमिलियाचे बोलणे कुठे गेले?

ती शेवटच्या प्रसंगात यागोने गप्प राहायला सांगितले तरी गप्प राहत नाही, एवढे मी तिला दाखवू शकलो. मूळ नाटकात त्याची किंमत म्हणून यागो तिला भोसकतो. ऑपेरात तो नुसता पळून जातो आणि एमिलिया जिवंत राहते. ओतेल्लो चुंबनाचा शब्द अर्धाच उच्चारून कोसळतो, ती सुरावट तिसऱ्यांदा येते, आणि एमिलिया इतरांसमवेत मंचावर उभी असते. तिला गायला आता काही नाही.