गुरुजींची पेटी
माउली, तुम्हाला अजून शाळेची स्वप्नं पडतात का? मला पडतात. संगीताचा तास, पेटी चालू, आणि गुरुजी सांगतात, “तू नुसते ओठ हलव.” सूर लागत नसे, हे खरंच.

पुढे निजामपुऱ्यात यंत्रमागावर जन्म गेला. त्या खडखडाटात मात्र मोकळ्या गळ्याने अभंग म्हणायचो, ऐकतंय कोण!

तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, संत बहिणाबाईंना तुकोबांचा. आमच्या स्वप्नाची ती योग्यता कुठली? यंदा वारीत हरिपाठालाही ओठच हलवत होतो. शेजारच्या टाळकऱ्याने कोपर लावलं, “आवाज काढा की, माउली!” काढला. बेसूरच निघाला. दिंडीत कुणी मागे वळून पाहिलं नाही.

परवा पुन्हा तोच तास स्वप्नात आला. गुरुजींनी पेटी उघडली, मी हरिपाठ धरला, आणि शेजारचे माग सुरू झाले.