उजेडाकडे तोंड

गेल्या दिवाळीच्या सुटींत, येथें शिरूरास, आमच्या आळींतील एक महाविद्यालयीन कन्या आम्हांकडे आली. तिला अभ्यासासाठीं दोन मिनिटांचा प्रसंग चित्रित करावयाचा होता : विद्यार्थ्यास ‘राम’ शब्दाचीं रूपें येत नाहींत, गुरुजी रागावतात, विद्यार्थी स्तब्ध राहतो. गुरुजींची भूमिका आम्हीं करावी, अशी तिची विनंती. ती तर आम्हीं जन्मभर केलेली! तेव्हां ती दुसऱ्या कोणास देऊन आम्हांस कॅमेरा शिकवावा, असें आम्हीं सुचविलें. तिनें हंसून आपला मोबाईल तिपाईवर बसविला, आणि साठीनंतर आम्ही पुन्हां बिगरींत जाऊन बसलों.

पहिल्याच धड्यास चुकलों. बोलणाऱ्या दोन पात्रांमध्यें एक काल्पनिक रेषा मानावयाची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावयाचा, असा नियम. आम्हीं कोनाड्यांतील समईच्या मोहानें ती रेषा ओलांडली. चित्रें जोडून पाहिलीं, तों दोघेही एकाच दिशेस पाहत आहेत. गुरुजी जणूं भिंतीवर रागावले आहेत! मुलें मनमुराद हंसलीं, आणि आम्हीही.

दुसरी चूक मात्र हंसण्यावारी गेली नाहीं. विद्यार्थी खिडकीला पाठ करून उभा होता. आम्हांस तो चांगला दिसत होता. चित्रांत त्याचें तोंड काळें ठिक्कर आलें. मनुष्याचा डोळा ऊन आणि छाया दोन्ही एकदम सांभाळून घेतो. कॅमेऱ्यास तेवढा आवांका नसतो. त्यानें खिडकीच्या उजेडाचें माप धरलें कीं चेहरा अंधारांत जातो. मुलाला उजेडाकडे वळविणें हा सोपा उपाय. शिवाय पडद्यावर बोटांनीं चित्र मोठें केलें तर तें पुसट होतें. म्हणून तिपाईच उचलून जवळ न्यावी. तसें केलें, आणि त्या मुलाचा थरथरणारा ओंठ दिसला.

त्र्यंबकेश्वरीं शास्त्र्यांच्या घरांत जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ त ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला. तत्पूर्वीं १९१२ त कुंडींत पेरलेल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो, हें त्यांनीं एकेक चित्र घेत धीरानें टिपलें होतें. अंकुरापुढें असें थांबण्याचा धीर आमच्यापाशीं नव्हता.

बऱ्याच वर्षांपूर्वीं एक मुलगा रोज उशिरां येऊन वर्गाच्या दारांत उभा राही. पाठीमागें लख्ख ऊन. आम्ही टेबलापाशीं बसूनच त्याला रूपें विचारीत असूं आणि तीं न आल्यास बोलत असूं. पुढें तो येईनासा झाला. रात्रीं वीज येई तेव्हां शेताला पाणी देऊन तो तसाच शाळेंत येत असे, हें फार उशिरां त्याच्या चुलत्याकडून कळलें. कॅमेऱ्याची निदान सबब खरी होती. आमचे डोळे शाबूत होते.

तो प्रसंग पुरा झाला आहे. त्यांत गुरुजींचा केवळ आवाज ऐकूं येतो. चेहरा दिसतो तो विद्यार्थ्याचा. ज्यांच्यापुढें अद्यापि वर्ग बसतो, त्यांनीं दारांतल्या मुलास आधीं आंत घ्यावें, उजेडाकडे तोंड करून बसवावें, आणि मग काय तो प्रश्न विचारावा.