अर्ध्या बळाचा व्यायाम

वऱ्हाडांत व्यायामाचें वेड नवें नाहीं. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं, हें आमच्या इकडील जुन्या घरांतून अजून अभिमानानें सांगितलें जातें. परंतु ज्या व्यायामाविषयीं आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे, तो आमच्या बाळपणीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता. त्याचें नांव ट्रायथलॉन. आधीं पोहावयाचें, मग ओल्या अंगानें सायकल हांकावयाची आणि शेवटीं थकल्या पायांनीं धांवावयाचें. घड्याळ मात्र मध्यें क्षणभरहि थांबत नाहीं.

१९७८ सालीं हवाई बेटांत पंधराजण या साहसास उभे राहिले व त्यांतील बारा शेवटास पोंचले. तेव्हांपासून या शर्यतीस आयर्नमन, म्हणजे लोहपुरुष, हें नांव पडलें. ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धांव, असें तिचें पूर्ण माप. आपले मिलिंद सोमण यांनीं २०१५ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, झुरिच येथें ती १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. २०१९ सालीं गोव्यांत तिची निम्म्या मापाची शर्यत प्रथम भरली, आणि नोकरीधंदा सांभाळणाऱ्या सामान्य माणसांसहि ती आटोक्यांतली वाटूं लागली. आमच्या धाकट्या पुतण्यास हें वेड लागलें तें तेथूनच.

आमचें बिऱ्हाड सेमाडोहास, मेळघाटच्या रानांत. पुतण्या परतवाड्यास एकत्र कुटुंबांत राहतो. दर रविवारीं घाट चढून तो सायकलीवर आमच्याकडे येई. वाघांचें रान असल्यामुळें उजाडल्याखेरीज निघावयाचें नाहीं, एवढाच आमचा निर्बंध. सिपनेचें पाणी येथें जवळच. पण व्याघ्रप्रकल्पांत मनास येईल तेथें नदींत उतरणें युक्त नव्हे, म्हणून पोहण्यासाठीं त्यास आठवड्यांतून दोनदां अमरावतीच्या तलावाची वाट धरावी लागे.

पहिल्या वर्षीं त्यास ८ तास ६ मिनिटें लागलीं. साडेआठ तासांची मुदत. म्हणजे थोडक्यांत निभावलें. घरीं परतल्यावर त्यानें कार्बनच्या सांगाड्याची नवी सायकल घेण्याचा विषय काढला. किंमत लाखांच्या घरांत. त्याच वर्षीं त्याच्या बहिणीची महाविद्यालयाची फी भरावयाची होती. आमचे वडील बंधु एवढेंच म्हणाले, “बाळ, शर्यत तुझ्या एकट्याची आणि जागरण साऱ्या घराचें. त्यांत आतां बहिणीच्या शिक्षणाचाहि वाटा घेणार काय?” पुतण्या उठून गेला. दोन दिवस घरांत कोणी धड बोललें नाहीं.

पुढच्या रविवारीं तो सेमाडोहास आला तेव्हां आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें त्याच्यापुढें दोन कोऱ्या वह्या ठेविल्या. एकींत व्यायामाची रोजची नोंद. दुसरींत त्या व्यायामापायीं घरच्या कोणाचा किती वेळ गेला त्याची नोंद.

पहिल्या वहीनें महिन्याभरांत रोग दाखविला. त्याचा प्रत्येक दिवस म्हणजे एक लहानशी शर्यतच होती. विश्रांतीहि नाहीं आणि खरा वेगहि नाहीं. व्यायाम आपल्या अर्ध्या बळानें करावा, आणि श्वास तोंडावाटे वाहूं लागला कीं अर्धें बळ वेचलें असें समजावें, अशी खूण सुश्रुतानें पूर्वींच सांगून ठेविली आहे. आजचे शिक्षकहि बहुतेक सराव सहज बोलतां येईल इतक्याच वेगानें करावयास सांगतात, आणि आठवड्यांतून एकदां-दोनदांच अंगास खरा ताण देतात. पुतण्यानें तसें आरंभिलें आणि झोपेची वेळ ठरवून टाकली.

पाणी हवेहून सुमारें आठशेंपट घन. त्यांत बळापेक्षां अंगाची ठेवण महत्त्वाची. तो मान वर काढून पोहे, त्यामुळें पाय खालीं लोंबत व पाणी अडे. एका शिक्षकापाशीं दोन महिने त्यानें केवळ अंग आडवें ठेवावयाचें शिकून घेतलें.

सायकलीस सपाटीवर खरा शत्रु वारा. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि त्यांतील मोठा भाग सायकलीचा नसून स्वाराच्या अंगाचा असतो. म्हणून जुन्याच सायकलीस कोपरें टेकून पुढें वांकण्याची जोडदांडी बसविली, बैठकीची उंची पायाच्या मापानें ठरविली, अंगाबरोबर बसणारे कपडे घेतले, आणि खडबडीत रस्त्यासाठीं किंचित् रुंद टायर घालून हवा थोडी कमी ठेविली. खर्च नव्या सायकलीच्या पासंगासहि पुरला नसता. सेमाडोहच्या घाटानें आणखी एक धडा दिला: पायथ्याशीं जो उसळतो तो माथ्यावर धापा टाकतो.

खाण्याचाहि अभ्यास झाला. दीर्घ श्रमांत दर तासास साठ ग्रॅमच्या आसपास पिष्ट-शर्करा पोटांत जावी लागते. तीहि भूक लागण्याआधीं, आणि घामाबरोबर जाणाऱ्या मिठासह. सूनबाईंनीं खजूर व गूळ यांच्या वड्या करून दिल्या, साखर-मीठ-लिंबाचें पाणी दिलें. त्याची संवय पोटास घाटांतच लावली. सायकलीवरून उतरतांच अर्धा तास धांवण्याचा क्रमहि ठेविला.

पुढल्या वर्षीं ६ तास ५८ मिनिटें! वाचलेल्या ६८ मिनिटांचा हिशेब आम्हीं मांडला: पोहण्यांत ११, सायकलींत ३४, धांवण्यांत १७, आणि कपडे-जोडे बदलण्यांत ६. धांवण्याचा सराव वाढविला नव्हता. सायकलीवर राखलेलें बळ आणि वेळेवर खाल्लेलें अन्न तेवढें तेथें उपयोगी पडलें.

दुसरी वही आम्हांस अधिक मोलाची वाटते. सूनबाईंचें पहांटे चारला उठणें, आईनें नातवास सांभाळणें, वडिलांनीं दुकानांतून किराणा आणणें, हें सारें तींत पुतण्याच्याच अक्षरांत आहे. पहिल्या महिन्याची बेरीज करून तो बराच वेळ गप्प बसला होता. त्यानंतर आदल्या रात्रींच स्वतःचा डबा भरून ठेवूं लागला, आणि शनिवार संध्याकाळ मुलाची ठरली. बहिणीची फी वेळेवर भरली गेली. या वर्षापासून सूनबाई पोहावयास शिकत आहेत. त्या वेळीं मूल पुतण्या सांभाळतो.

वाचकहो, आपल्या घरांतील कोणी तरुण अशा एखाद्या वेडानें झपाटला, तर त्यास अडवूं नका आणि लागलीच महाग वस्तूहि घेऊन देऊं नका. आधीं दोन वह्या द्या, आणि दुसरी वही महिन्याच्या शेवटीं साऱ्या घरासमक्ष वाचावयास लावा.