चाकांवरचं हिवाळी बिऱ्हाड

ॲरिझोनातल्या मेसा शहरात, आमच्या घराजवळ ५५ वर्षांवरच्यांसाठी एक आरव्ही रिसॉर्ट आहे. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. स्वयंपाकघर, पलंग, संडास सगळं आतच. रिसॉर्टमध्ये जागा भाड्याने घ्यायची, वीज, पाणी आणि सांडपाण्याचा पाइप जोडला की संसार सुरू! थंडी पडली की कॅनडातून अशी बिऱ्हाडं वाळवंटात उतरतात. त्यांना इथे 'स्नोबर्ड' म्हणतात.

विनिपेगचं एक निवृत्त जोडपं माझ्या ओळखीचं. जानेवारीत तिकडे उणे वीस, इथे दुपारी वीस. आजोबा सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये, आजी पिकलबॉलला. गेल्या हिवाळ्यात आई-बाबा इंदूरहून आले होते. घरात बसून कंटाळलेल्या बाबांच्या हाती या आजोबांनीच रंधा दिला. (आमच्या गल्लीत तीन महिन्यांत त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.)

यंदा आजोबांना स्टेंट बसवला. कॅनडाची सरकारी आरोग्ययोजना परदेशातल्या उपचारांचा फारच थोडा खर्च देते. खाजगी प्रवास-विमा वयाबरोबर महागतो आणि जुन्या आजारावर अटी घालतो. शेवटी त्यांनी आरव्ही विकायला काढली. मुलं म्हणतात, बरं झालं, आता आमच्याजवळ राहा. आजी मला म्हणाल्या, "मुलं कामावर जातात रे. इथे दार उघडलं की माणूस दिसतं."

आईही परत जाताना जवळपास हेच म्हणाली होती.

या डिसेंबरात त्यांना बोलावण्याऐवजी सहा आठवडे इंदूरहून काम करू द्या, असा मेल मी मॅनेजरला केला आहे. उत्तर यायचं आहे.