चार खिळ्यांची शर्यत

कॅलिफोर्नियांत लॉस एंजलिसच्या दक्षिणेस, पॅसिफिक महासागराच्या कांठीं मॅनहॅटन बीच हें गांव वसलें आहे. प्रवासी तेथें जातो तो वाळूचा किनारा व समुद्रांत शिरलेला धक्का पाहावयास. परंतु बालवीरांच्या इतिहासांत या गांवास निराळेंच स्थान आहे. १५ मे १९५३ रोजीं येथील स्काउटगृहांत चिमुकल्या लांकडी मोटारींची पहिली शर्यत झाली. 'पाइनवुड डर्बी' ती हीच.

तिचे जनक डॉन मर्फी हे येथील 'कब' पथकाचे नायक. 'सोप बॉक्स डर्बी' या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीस त्यांचा मुलगा वयानें लहान पडला, तेव्हां त्यांनीं ही युक्ति काढिली. पाइनच्या लांकडाचा सुमारें ७ इंचांचा ठोकळा, चार चाकें, आंसांच्या जागीं चार खिळे; वजन ५ औंसांहून, म्हणजे सुमारें १२ तोळ्यांहून, अधिक नाहीं. यंत्र नाहीं, किल्ली नाहीं. उतरणीवर पृथ्वीचें आकर्षण देईल तेवढीच गति.

मग ही ओढ सर्वांस सारखीच असतां एक गाडी पुढें व दुसरी मागें कां? कारण बहुधा आंसांत सांपडतें. खिळा किंचित् वांकडा बसला कीं गाडी एका अंगास वळते, मार्गाच्या मधल्या पट्टीवर आदळते, आणि दर आदळण्यास थोडा वेग खर्ची पडतो. आर वांकडी असली म्हणजे भोंवरा कसा डुगडुगतो, हें वाचकांस सांगावयास नकोच! म्हणून जाणते लोक खिळा घासून गुळगुळीत करितात व चाकाच्या भोंकांत ग्रॅफाइटची काळी भुकटी घालितात. मग सपाट फळीवर गाडी सोडून ती कोणीकडे वळते तें पाहतात, खिळा केसभर फिरवितात व पुन्हां सोडितात. कित्येक तर पुढील एक चाक मुद्दाम किंचित् वळवितात. मग गाडी पट्टीस हळूच लगटून धांवते, इकडून तिकडे आपटत नाहीं.

येथेंच पित्याची खरी परीक्षा. सूक्ष्म हत्यारें हातीं असलीं कीं सारी गाडी आपणच घडवावी असा मोह होतो; गाडी पहिली येते, मुलगा मात्र प्रेक्षक राहतो. बापलेकांनीं एकत्र बसून काम करावें, हा तर मर्फींचा हेतु. करवत बापानें खुशाल धरावी. फळीवर गाडी सोडण्याचा आणि तिचें वळण ओळखण्याचा मान मुलाचाच असावा.